११८ ग्रॅम ते ५४ ग्रॅम : प्रथिनांच्या आकड्याची गोष्ट

"डॉक्टर, रोज किती प्रोटीन खायला पाहिजे?"

हा प्रश्न हल्ली दवाखान्यात जवळजवळ रोज येतो. विचारणारे मात्र वेगवेगळे असतात. जिमला जाणारा २२ वर्षांचा मुलगा पावडरच्या डब्याचा फोटो दाखवतो. रक्तात क्रिएटिनीन थोडे वाढलेले निघाले म्हणून साठीच्या काकांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून डाळ पूर्ण बंद केलेली असते. एखादी मुलगी आपल्या ७५ वर्षांच्या आईला घेऊन येते. आईचे वजन ४५ किलो, पाय लटपटतात, आणि आहार काय, तर दोन वेळा चहा-बिस्किटे आणि मऊ भात.

तिघांनाही मी एकच आकडा सांगू शकतो : वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० साली हाच आकडा दिला आहे. ६५ किलोच्या पुरुषासाठी तो ५४ ग्रॅम होतो आणि ५५ किलोच्या स्त्रीसाठी साधारण ४६ ग्रॅम. पण नुसता हा आकडा सांगून तिघांपैकी एकाचेही भले होणार नाही. हा आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी समजून घ्यावे लागेल. त्यासाठी थोडे मागे जाऊ. प्रथिनांची गरज हा शंभर-दीडशे वर्षे चाललेला वाद आहे. या काळात आकडा ११८ ग्रॅमवर होता, मग निम्म्यावर आला, एकदा ३७ पर्यंत घसरला आणि पुन्हा वर चढला. शरीर तेच होते. बदलत गेला तो विचारलेला प्रश्न.

हिशेब नत्राचा

प्रथिने मोजायची कशी? पिठूळ पदार्थ, साखर आणि तूप-तेल यांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. प्रथिनांत या तिघांबरोबर नत्र, म्हणजे नायट्रोजनही असतो. हा नत्र शरीराला दुसऱ्या कशातून मिळत नाही. फ्रान्समध्ये माजांदी या शास्त्रज्ञाने १८१६ साली कुत्र्यांना फक्त साखर आणि पाणी देऊन पाहिले. पोटभर साखर मिळूनही कुत्री खंगत गेली आणि महिनाभरात मेली. नत्र नसलेल्या अन्नावर जीव जगत नाही, हे त्यावरून दिसू लागले. १८३८ साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने या नत्रयुक्त पदार्थांना 'प्रोटीन' हे नाव छापून वापरले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिल्या क्रमांकाचे'. नावातच मोठेपणा होता, आणि पुढच्या बऱ्याच गोंधळाला हा मोठेपणाही कारणीभूत ठरला.

प्रथिनांत वजनाने साधारण १६ टक्के नत्र असतो. म्हणून नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणले की प्रथिने किती ते कळते. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत केल्दाल याने नत्र मोजण्याची सोपी रीत काढली. आजही पिठाच्या पिशवीवर छापलेला प्रथिनांचा आकडा बहुधा याच हिशेबातून आलेला असतो.

शरीराच्या बाबतीत हा हिशेब बँकेच्या पासबुकासारखा आहे. अन्नातून आलेला नत्र जमेच्या बाजूला. लघवी, शौच आणि थोडाफार घाम-त्वचेवाटे गेलेला नत्र खर्चाच्या बाजूला. दोन्ही सारखे असतील तर माणूस समतोलात आहे. खर्च जास्त असेल तर तो स्वतःचे स्नायू मोडून खातो आहे. वाढत्या मुलात किंवा गरोदर स्त्रीत जमा जास्त असायला हवी. प्रथिनांच्या गरजेचा बहुतेक सगळा इतिहास या एका पासबुकावर उभा आहे.

म्युनिकचे ११८ ग्रॅम

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीच्या लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचा मोठा दरारा होता. त्याचे म्हणणे असे, की स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःच, म्हणजे त्यातली प्रथिने, जळतात. त्यामुळे जितके कष्ट जास्त तितके मांस जास्त हवे. हे ऐकायला पटते. आजही 'ताकदीचे काम करतोस, मांस खा' असे म्हणणारे भेटतातच.

१८६५ साली फिक आणि विस्लिसेनुस या दोन प्राध्यापकांनी हे स्वतःवर तपासले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने पूर्ण बंद केली आणि पिठूळ तळलेल्या वड्या, साखर घातलेला चहा एवढ्यावर राहून स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर चढला. चढताना आणि नंतर सगळी लघवी जमवून त्यातला नत्र मोजला. जेवढी प्रथिने शरीरात जळली होती, तेवढ्यातून त्या चढणीला लागणारी ताकद निघणे शक्यच नव्हते. म्हणजे काम मुख्यतः पिठूळ पदार्थ आणि चरबीवर चालते. प्रथिने लागतात ती झीज भरायला आणि शरीर बांधायला.

तरी आकडा मोठाच राहिला. म्युनिकचा कार्ल फॉइट हा लीबिगच्या परंपरेतला. नत्राचा जमा-खर्च काटेकोर मांडण्याची शिस्त त्याने घालून दिली. मध्यम कष्ट करणाऱ्या ७० किलोच्या कामगाराला रोज ११८ ग्रॅम प्रथिने हवीत, असे त्याने सांगितले. अमेरिकेत त्याचा शिष्य ॲटवॉटर याने हा आकडा १२५ वर नेला. पुढे कितीतरी वर्षे सैन्य, तुरुंग आणि इस्पितळांचे आहार ठरवताना फॉइटचा आकडा प्रमाण मानला गेला.

पण हा आकडा आला कुठून? खाऊन-पिऊन धडधाकट असलेले जर्मन कामगार प्रत्यक्षात काय खातात, याच्या पाहणीतून. म्हणजे फॉइटचा खरा प्रश्न होता, "सुदृढ माणूस किती खातो?" उत्तर मात्र वाचले गेले ते "माणसाला किती लागते?" या प्रश्नाचे म्हणून. हे दोन प्रश्न एक नव्हेत. तुमच्या सोसायटीतली सगळी तब्येतदार माणसे रोज चार कप चहा पितात म्हणून चार कप चहा ही शरीराची गरज ठरत नाही.

येलचे प्राध्यापक आणि तेरा सैनिक

दुसरा प्रश्न सरळ विचारला तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी. १९०२ च्या अखेरीस त्यांनी स्वतःचा आहार हळूहळू कमी केला आणि प्रथिने ४० ग्रॅमच्या आसपास आणली. वजन ६५ किलोवरून ५७-५८ किलोवर येऊन थांबले, गुडघ्याचे जुने दुखणे गेले, कामाचा उत्साह कायम राहिला. पण एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी तीन गट घेतले : येलमधले पाच अध्यापक, लष्करी वैद्यकीय दलातले तेरा सैनिक आणि आठ खेळाडू विद्यार्थी. सैनिकांचा प्रयोग सहा महिने चालला. त्यांचे अन्न तोलले गेले, लघवी तपासली गेली, ताकद मोजली गेली.

फॉइटच्या निम्म्याहून कमी प्रथिनांवर माणसे समतोलात राहिली आणि ताकदीच्या चाचण्यांत आधीपेक्षा सरस ठरली. १९०४ साली चिटेंडन यांनी हे सगळे पुस्तकरूपाने मांडले आणि मोठी खळबळ उडाली.

विरोधकांचे म्हणणे असे : सैनिकांची ताकद वाढली ती रोजच्या व्यायामाने असेल. सहा महिने म्हणजे आयुष्य नव्हे. आणि समतोलात राहणे म्हणजे आजारपणात, दुखापतीत तग धरणे नव्हे. या शंका रास्त होत्या. कमीत कमी किती पुरते, एवढेच चिटेंडन यांनी दाखवले होते. सर्वांत चांगले किती, हा तिसरा प्रश्न उरलाच होता.

कलकत्त्याहून आलेले उत्तर

चिटेंडन यांना सर्वांत कडवा विरोध झाला तो आपल्या देशातून. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे डेव्हिड मॅके यांनी बंगाली विद्यार्थ्यांच्या लघवीतला नत्र मोजला, तुरुंगांतले आहार तपासले, आणि १९१२ साली प्रथिनांवर एक पुस्तक लिहिले. त्यांचा युक्तिवाद असा : चिटेंडन म्हणतात तेवढ्या प्रथिनांवर इथे लाखो लोक पिढ्यानपिढ्या जगत आहेत. हाच तो प्रयोग, आणि तोही सहा महिन्यांचा नव्हे. त्याचे फळ पाहा : भात खाणारा बंगाली दुबळा, गहू आणि दूध घेणारा उत्तरेकडचा माणूस उंचापुरा.

यात निरीक्षणाचा भाग खरा होता, निष्कर्षाचा नाही. मलेरिया, आतड्यातले जंत, गरिबी, अर्धपोटी राहणे, लहानपणीची आजारपणे हे सगळे बाजूला ठेवून दुबळेपणाचे खापर एकट्या प्रथिनांवर फोडले गेले. त्या काळच्या साहेबी चष्म्यातून 'लढाऊ' आणि 'बिगरलढाऊ' जमातींची विभागणी आधीच झालेली होती. विज्ञानाने तिला आकडे पुरवले, एवढेच. 'आपण शाकाहारी म्हणून दुबळे' ही समजूत आजही अनेक घरांत ऐकू येते. अशा समजुतींना खतपाणी घालणाऱ्या लिखाणातले हे एक होते.

सगळी प्रथिने सारखी नसतात

दरम्यान आणखी एक गोष्ट उलगडत होती. प्रथिने ही अमिनो आम्लांच्या माळा आहेत. १९०९ साली जर्मनीत कार्ल थॉमस याने दाखवले, की निरनिराळ्या अन्नांतली प्रथिने शरीराला सारखी उपयोगी पडत नाहीत. येलमध्येच ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना फक्त मक्यातले 'झेईन' हे प्रथिन दिले. उंदीर खुरटले. त्यात ट्रिप्टोफॅन आणि लायसीन ही दोन अमिनो आम्ले मिसळताच ते वाढू लागले. पुढे इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ यांनी १९३५ साली थ्रिओनीन शोधले. नंतर तरुण विद्यार्थ्यांना शुद्ध अमिनो आम्लांचा बेचव आहार देऊन त्यांनी दाखवले, की आठ अमिनो आम्ले प्रौढ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. पुढे हिस्टिडीन धरून ती नऊ झाली.

आपल्या ताटाचे गणित इथे कळते. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसीन कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण गंधक असलेली अमिनो आम्ले कमी असतात, आणि ती धान्यांत असतात. म्हणून वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी-कढी या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात.

'प्रथिनांचे संकट'

१९३० च्या दशकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी एका आजाराचे वर्णन केले. दोन-तीन वर्षांची मुले, अंगावर सूज, कातडी सोलवटलेली, केस फिके, मूल कमालीचे चिडचिडे. तिथल्या गा भाषेत त्याला 'क्वाशिओरकोर' म्हणत. धाकटे भावंड जन्मल्यावर आईच्या दुधावरून उठवलेल्या मुलाचा हा आजार. दूध सुटून नुसत्या मक्याच्या पेजेवर आलेली ही मुले दगावत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा आजार जगभर शोधला गेला, आणि गरीब देशांची मुख्य अडचण प्रथिनांची कमतरता हीच आहे, असे तज्ज्ञांचे मत बनले. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली प्रथिनांसाठी खास सल्लागार गट नेमला गेला. १९६८ साली 'येऊ घातलेले प्रथिनांचे संकट' टाळण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय अहवाल निघाला. माशांची पूड, झाडपाल्याचे प्रथिन, इतकेच काय खनिज तेलावर वाढवलेल्या यीस्टचे प्रथिन, असे नाना प्रयोग झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ यांचा बहुउद्देशीय आहार तयार केला.

साताऱ्याचे सुखात्मे, हैदराबादचे गोपालन

या लाटेला आकड्यांनी अडवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. ते संख्याशास्त्रज्ञ. १९५१ ते १९७० या काळात त्यांनी रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळला आणि नंतर पुण्यात काम केले. भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे तपासून १९७० च्या सुमारास त्यांनी मांडले, की ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात ते बहुतेक सगळे मुळात कमी जेवणारे आहेत. धान्य आणि डाळ पोटभर मिळाली, तर प्रथिनेही बहुतेकांना पुरतात. पोट अर्धे राहिले, तर शरीर खाल्लेली प्रथिनेसुद्धा चुलीत लाकूड घालावे तशी जाळून टाकते. उपाशी माणसाला प्रथिनांची पूड देणे म्हणजे सागवान सरपणाला वापरणे.

हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी मुलांकडे पाहत त्याच दिशेने चालले होते. सुजणारी मुले आणि नुसती वाळत जाणारी मुले यांच्या आहारात त्यांना ठळक फरक सापडला नाही. दोघांचेही खाणेच अपुरे होते. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'द लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच या सगळ्या प्रथिन-मोहिमेला मोठी फजिती म्हटले. लाखो मुलांना हवे होते पुरेसे अन्न, आणि जग पूड बनवण्यात गुंतले होते.

सुखात्मे पुढे आणखी एक पाऊल गेले. एकाच माणसाचा नत्राचा हिशेबसुद्धा दिवसागणिक खाली-वर होतो, शरीर स्वतःला सावरून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नये, असे त्यांनी म्हटले. हाच विचार त्यांनी उष्मांकांना, म्हणजे कॅलरींना लावला आणि वाद पेटला. पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली २२५० उष्मांकांच्या आधारे देशातली गरिबी मोजली होती. सुखात्म्यांचा हिशेब मानला तर गरिबांची संख्या कागदावर बरीच कमी होणार होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांत जाहीर वाद झाला. आहाराचा आकडा ठरवणे हे फक्त प्रयोगशाळेतले काम नाही. तो आकडा कोणाला रेशन मिळेल आणि कोण गरीब मोजला जाईल, हेही ठरवतो.

३७, मग ४९, मग ५४

१९७३ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त समितीने प्रौढ पुरुषासाठी किलोमागे फक्त ०.५७ ग्रॅम हा सुरक्षित आकडा दिला, तोही अंडे किंवा दुधासारख्या उत्तम प्रथिनांचा. ६५ किलोला हे झाले ३७ ग्रॅम. बॉस्टनजवळच्या एमआयटी संस्थेत तरुणांना हा आहार काही महिने देऊन पाहिला, तेव्हा अनेकांच्या पासबुकात तूट दिसू लागली. थोड्या दिवसांच्या प्रयोगात जे पुरेसे वाटले होते, ते दीर्घकाळ पुरत नव्हते. चिटेंडन यांच्या विरोधकांची जुनी शंका इथे खरी ठरली. १९८५ साली आकडा ०.७५ झाला, म्हणजे ६५ किलोला ४९ ग्रॅम. २००७ साली, सगळे विश्वासार्ह नत्र-प्रयोग एकत्र तपासून, तो ०.८३ झाला.

आता हा ०.८३ म्हणजे काय, ते नीट पाहा. सगळ्या प्रयोगांतून प्रौढांची *सरासरी* गरज निघाली किलोमागे ०.६६ ग्रॅम. पण सरासरी म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त लागते. सगळ्यांना ०.६६ सांगितले तर निम्मे तोट्यात जातील. म्हणून वर थोडी भर घालून असा आकडा निवडला, की शंभरातल्या ९७-९८ लोकांची गरज त्यात भागेल. तोच ०.८३. दुकानदार सगळ्यांना बसावा म्हणून मोठ्या मापाचा सदरा ठेवतो, तसे हे आहे. बहुतेकांना तो थोडा सैलच होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तुमचे एखाद्या दिवशीचे खाणे ०.८३ पेक्षा कमी भरले म्हणून तुम्हाला कमतरता झाली असे नाही. दोन, हा आकडा निरोगी, पोटभर जेवणाऱ्या प्रौढांसाठी आणि चांगल्या दर्जाच्या प्रथिनांसाठी आहे.

दर्जाच्या बाबतीतही भारतातून मोलाची भर पडली. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. अनुरा कुरपड आणि सहकाऱ्यांनी नवीन पद्धतीने भारतीयांची लायसीनची गरज मोजली. १९८५ साली ती किलोमागे १२ मिलिग्रॅम धरली होती, २००७ साली ती ३० मिलिग्रॅम झाली, आणि या बदलाला बंगळुरूच्या कामाचा मोठा आधार होता. म्हणजे नुसत्या पोळी-भातावर भूक भागेल, पण लायसीन कमी पडू शकेल. ताटातली डाळ पातळ होत गेली तर बिघडते ते इथे. म्हणून ज्यांच्या आहारात धान्यच जास्त आणि डाळ-दूध कमी, त्यांनी किलोमागे १ ग्रॅम धरणे शहाणपणाचे.

आता तुमचा हिशेब

वजनाला १ ने गुणा. ६० किलो असाल तर ५० ते ६० ग्रॅम. वजन फार जास्त असेल, तर आजचे वजन धरू नका, उंचीला शोभेल ते धरा. चरबीला प्रथिने फारशी लागत नाहीत.

मग ताट मोजा. दिवसभरात पाच-सहा पोळ्या (१५० ग्रॅम कणीक) म्हणजे सुमारे १६ ग्रॅम. मूठभर तांदळाचा भात, ४ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ (५० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य), ११ ग्रॅम. दूध-दही मिळून ३०० मिली, ९ ते १० ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ६ ग्रॅम. भाज्या, २-३ ग्रॅम. बेरीज ५० च्या आसपास. एका अंड्याने आणखी ६ ग्रॅम वाढतात. कोणतीही पावडर न घेता हे जमते. मात्र वरण घट्ट हवे. एका भांड्यात मूठभर डाळ आणि पाचजण जेवणार, तर वाटीत येते ते मुख्यतः पिवळे पाणी.

आता सुरुवातीच्या तिघांकडे येऊ.

जिमचा मुलगा : वजने उचलणाऱ्यांना जास्त लागते, हे खरे. पण अशा लोकांवरचे अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसते, की किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायू वाढण्यात विशेष फायदा होत नाही. फाउलहॉर्नची चढण आठव. ताकद पिठूळ पदार्थांतूनही येते. जेवण सोडून पावडर घेतलीस तर ती सरपण होईल.

डाळ बंद केलेले काका : मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने *मर्यादित* ठेवायची असतात, शून्य नाही. मर्यादा किती, हे तुमच्या रिपोर्टवरून तुमचे डॉक्टर ठरवतील. डायलिसिस सुरू असेल तर गरज उलट वाढते. डाळ तोडून तुम्ही जो नत्र वाचवलात, तो तुमचे शरीर स्वतःचे स्नायू मोडून पुन्हा रक्तात आणते.

आणि आजी. तिघांत मला काळजी वाटते ती त्यांचीच. त्यांचा दिवस मोजला : दोन चहा, चार बिस्किटे, मऊ भात, वरणाचे पाणी, एक पोळी, चमचाभर दही. बेरीज १५ ते २० ग्रॅम. त्यांची किमान गरज ३७, आणि वयस्करांसाठी अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, म्हणजे ४५ ते ५४. शिवाय पोटही भरलेले नाही, म्हणजे आलेली प्रथिनेही जळून जाणार. सुखात्म्यांनी देशाबद्दल जे सांगितले, ते या एका घरात जसेच्या तसे दिसते. त्यांच्या मुलीला मी सांगतो : आधी आईचे पोट भरू दे. भातात तूप आणि घट्ट वरण, बिस्किटांऐवजी भाजणीची उकडपेंडी किंवा नाचणीचे सत्त्व दुधातून, दुपारी वाटीभर दही, खात असतील तर एक अंडे. दात नसतील तर मूगडाळीचे धिरडे मऊ करून. आणि थोडे चालणे. महिन्याने वजन करून या. वजन उतरतच राहिले तर मागे दुसरा आजार नाही ना, हे तपासायला हवे.

पुढच्या वेळी कोणी तुम्हाला 'रोज इतकी ग्रॅम हवीतच' असा आकडा सांगितला, तर त्याला एवढेच विचारा : कोणासाठी? लोक खातात तो आकडा, कमीत कमी जगवतो तो, की बहुतेकांना सुरक्षित ठेवतो तो? फॉइटपासून आजपर्यंत प्रत्येक आकडा यांतल्या एकाच प्रश्नाचे उत्तर होता. आज रात्री मात्र आकड्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या वाटीत डोकावून पाहा. त्यात डाळ आहे की नुसते पाणी?